पेडल गेले, क्लच राहिला : छोट्या गाडीत मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक?

मॅडम, आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण नागपुरात मनीषनगरच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहता, पार्किंग तळघरात आहे, शाळा महाल भागात आहे आणि जाऊन-येऊन रोजचे वीसेक किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा काटोलकडे गावी जाणे असते, वर्षातून एखाद्या वेळी चिखलदरा. गाडी एकच घ्यायची आहे, ती छोटी आणि पेट्रोलवर चालणारी हवी, आणि ती तिघे चालवणार आहेत : आपण, सदुसष्ट वर्षांचे मामाजी आणि नुकताच शिकाऊ परवाना मिळालेला मुलगा. आपल्या डाव्या गुडघ्याला दोन वर्षांपासून त्रास आहे, म्हणून ऑटोमॅटिकचा विचार पुढे आला. पण मामाजींच्या मते ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते, ऐन वेळी दगा देते आणि तिची दुरुस्ती मध्यमवर्गीयाला झेपत नाही. शिवाय चार वर्षे वापरलेली एक ऑटोमॅटिक गाडी ओळखीत स्वस्तात मिळते आहे, ती घ्यावी का, असेही आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे नागपुरात गाड्या दुरुस्त करतो आहे आणि त्यांतली शेवटची दहा-अकरा वर्षे ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्सही नियमित उघडतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : आपण ऑटोमॅटिकच घ्यावी. मात्र घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण गाडी विकताना ती फारशी कुणी समजावून सांगत नाही आणि ती न कळल्यामुळे चांगल्या गाड्या अकाली माझ्या लिफ्टवर चढतात. आपल्या बजेटमधल्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत क्लच असतो. पायाखालचे पेडल तेवढे गेलेले असते, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सशी जोडणारी क्लच प्लेट जिथल्या तिथेच असते आणि मॅन्युअल गाडीतल्या प्लेटसारखीच झिजते.

आपल्याकडे छोट्या गाड्यांत 'ऑटोमॅटिक' म्हणून जे सर्रास मिळते त्याला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणतात. मारुती सुझुकीने २०१४ साली सेलेरिओमध्ये ते पहिल्यांदा आणले. यंत्रणा मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची होती, आणि स्वस्त गाडीतही क्लचविना चालवण्याची सोय होऊ शकते हे लोकांना तेव्हा प्रथम दिसले. पुढे वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, क्विड, सँट्रो अशा अनेक गाड्यांत ते आले. प्रत्येक कंपनीने नाव आपापले दिले, तत्त्व तेच राहिले. गिअरबॉक्स नेहमीचा पाच गिअरचा मॅन्युअलच असतो, क्लचही नेहमीचा सुका एक प्लेटचाच असतो. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी एक अ‍ॅक्च्युएटर करतो, काही गाड्यांत तेलाच्या दाबावर आणि काहींत विजेच्या मोटरवर. त्याला हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो. आपल्या डाव्या पायाच्या जागी एक यंत्र नेमले आहे असे समजावे. ते न थकता काम करते, पण त्याला वास येत नाही आणि पुढचे फाटक बंद आहे हे त्याला दिसत नाही.

हे मी का सांगतो, ते एका गाडीवरून सांगतो. मागच्या मे महिन्यात एका गृहस्थांची एएमटी गाडी माझ्याकडे आली. जेमतेम एकतीस हजार किलोमीटर चाललेली, बाहेरून नव्यासारखी. तक्रार अशी की गाडी उठत नाही, इंजिन नुसते ओरडते आणि चढावर जळका वास येतो. गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा आतून राखाडी भुकटी मूठभर निघाली. क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेले होते. क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग होते, पावसाच्या पाण्यावर तेल सांडल्यावर दिसतात तसे, आणि त्या डागांच्या मधोमध केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या होत्या. लोखंड असे निळे पडते ते केवळ उष्णतेने. गाडी दुरुस्त करून आमचा मुलगा ती पोचवायला गेला तेव्हा कारण सापडले. त्यांच्याही इमारतीचे पार्किंग तळघरात, वर येणारा रॅम्प चांगला उभा, आणि रॅम्पच्या अगदी टोकाला फाटक. चौकीदार येऊन फाटक उघडेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट जायचे, आणि तेवढा वेळ हे गृहस्थ ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरायचे. मॅन्युअल गाडीत ज्याला आपण हाफ क्लचवर धरणे म्हणतो, नेमके तेच. गाडीला क्लचच नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मॅन्युअल गाडीतही असे केले तर प्लेट जळतेच. पण तिथे पाय बोलतो. पेडल वर येऊन उचलू लागते, क्लच कडक होतो, पकड सुटते आहे हे चालवणाऱ्याला महिना-दोन महिने आधी जाणवते. एएमटीमध्ये प्लेट झिजत जाते तसतसा संगणक पकडीचा बिंदू स्वतःच पुढे सरकवत जातो आणि गाडी शेवटपर्यंत बरी चालत राहते. मग एके दिवशी सरकवायला जागाच उरत नाही आणि गाडी थेट उभी राहते. मामाजी ज्याला ऐन वेळी दगा देणे म्हणतात त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. याच्या उलट, रोज बर्डीच्या गर्दीतून ये-जा करणाऱ्या बँकेतल्या एका बाईंची एएमटी गाडी सत्तर हजार किलोमीटर ओलांडूनही पहिल्याच प्लेटवर चालू आहे. त्यांनी पहिल्या सर्व्हिसिंगला मला पाच-सहा प्रश्न विचारले होते आणि उत्तरे पाळली, एवढेच.

तेव्हा ती उत्तरे आपल्यालाही देतो. चढावर थांबायचे असेल तर ब्रेकनेच थांबावे. अ‍ॅक्सिलरेटरने गाडी कधीही तोलू नये. आपल्या तळघरातून निघताना फाटक बंद दिसले तर रॅम्पच्या पायथ्याशी सपाटीवर थांबावे, फाटक पूर्ण उघडल्यावर एकाच दमात वर यावे. हिल होल्ड असलेली गाडी घ्यावी. ब्रेक सोडल्यावर ती क्षणभर, साधारण दोन सेकंद, गाडी मागे जाऊ देत नाही, आणि तेवढा वेळ पाय बदलायला पुरतो. गर्दीत पुढची गाडी फूटभर सरकली की आपणही फूटभर सरकायचे, ही सवय सोडावी. गाडी-दीड गाडीइतके अंतर मोकळे होऊ द्यावे आणि मग ब्रेक पूर्ण सोडून निश्चयाने पुढे जावे. ब्रेक पूर्ण दाबलेला असतो तेव्हा क्लच पूर्ण सुटलेला असतो आणि काहीच झिजत नाही. झीज होते ती ब्रेक अर्धवट सोडून गाडी मुंगीच्या पावलाने सरकवत ठेवण्यात. व्हरायटी चौकासारख्या सिग्नलवर आकडा मोठा दिसत असेल तर न्यूट्रल करून हँडब्रेक लावावा, दहा-पंधरा सेकंद उरले असतील तर ब्रेक दाबून डी वरच, म्हणजे पुढे चालण्याच्या स्थितीतच राहावे.

गाडी उभी करण्याची पद्धतही वेगळी आहे. बहुतेक एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर आर (मागे जाणे), एन (न्यूट्रल), डी (पुढे जाणे) आणि एम (गिअर हाताने बदलणे) एवढेच असते. पार्किंगचा पी नसतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये इंजिन बंद करून नुसत्या हँडब्रेकवर गाडी सोडली तर उतारावर ती सगळी त्या एका केबलवर टांगलेली राहते. ब्रेक दाबून लिव्हर डी किंवा आर मध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मग इंजिन बंद करावे, म्हणजे गाडी गिअरवरही अडकून राहते. जुन्या माणसांना हे पटकन कळते, कारण मॅन्युअल गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवण्याची त्यांची सवय नेमकी हीच असते.

इतर प्रकारच्या ऑटोमॅटिकबद्दल फार लांबवत नाही. सीव्हीटी म्हणजे पट्टा आणि मागेपुढे सरकणाऱ्या पुली. आपल्या शहरात घरोघरी असलेली बिनगिअरची स्कूटर याच तत्त्वावर चालते. होंडा अमेझमध्ये किंवा निसान मॅग्नाइटच्या टर्बो इंजिनाबरोबर ती मिळते, चालवायला लोण्यासारखी असते, झटका कसला तो लागत नाही. पण मॅन्युअलपेक्षा साधारण लाखभर रुपये जास्त मोजावे लागतात आणि तिचे खास तेल वेळच्या वेळी बदलण्यात हयगय चालत नाही. टाटा अल्ट्रोझमध्ये २०२२ पासून दोन क्लचचा, तेलात बुडालेल्या प्लेटांचा गिअरबॉक्स मिळतो. यंत्र उत्तम आहे, पण आपल्या रोजच्या वीस किलोमीटरसाठी तेवढा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. एएमटीसाठी मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आसपास जास्त द्यावे लागतात. आपण सांगितलेल्या रकमेत खरी निवड मॅन्युअल आणि एएमटी यांच्यातच आहे.

आता मामाजींचा पेट्रोलचा मुद्दा. त्यांचे म्हणणे एकेकाळी अगदी खरे होते. झेन, ए-स्टार, आय-टेन या गाड्यांच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असायचा आणि गिअर तीन किंवा चारच असायचे. कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेल घुसळून पुढे जाते, त्यात काही वाया जाते, आणि गिअर कमी असल्याने महामार्गावर इंजिन विनाकारण जास्त फिरते. अ‍ॅव्हरेज पडायचे ते त्यामुळे. एएमटीमध्ये यांतले काहीच नाही. उलट वॅगन आरच्या एक लिटर इंजिनाचे कंपनीने जाहीर केलेले आकडे पाहिले तर मॅन्युअलचे अ‍ॅव्हरेज लिटरला २४.३५ किलोमीटर आणि एएमटीचे २५.१९ आहे. संगणक माणसापेक्षा लवकर वरचा गिअर टाकतो, म्हणून चाचणीत एएमटी पुढे जाते. रस्त्यावर हे दोन्ही आकडे हाती लागत नाहीत, आणि सावकाश पाय ठेवणारा मॅन्युअलचा चालक गर्दीत एएमटीपेक्षा थोडे जास्तही काढतो. पण हा फरक पैशांत मोजून पाहावा. आपले वर्षाचे नऊ हजार किलोमीटर धरले, मॅन्युअलला प्रत्यक्षात १८ आणि एएमटीला १७ मिळाले असे एएमटीच्या विरुद्ध गृहीत धरले, तरी वर्षाला ५०० लिटरऐवजी सुमारे ५३० लिटर पेट्रोल लागेल. आपल्याकडे पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे फरक वर्षाला तीन हजार रुपयांचा, महिन्याला अडीचशेचा. गुडघा सांभाळण्यासाठी ही रक्कम जास्त आहे असे मला वाटत नाही. टायरमधली हवा महिनाभर न तपासता गाडी चालवली तरी कमीजास्त तेवढेच नुकसान होते.

मामाजींना ज्याची खरी काळजी वाटायला हवी ती वस्तू बॅटरी आहे, आणि नागपुरात तर फारच. आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचे बॉनेट उचलायला हातात फडके घ्यावे लागते. लोक समजतात की थंडीत बॅटरी खराब होते. थंडीत ती फक्त उघडी पडते, तिला मारतो तो उन्हाळा. उष्णतेने आतले पाणी उडते, शिशाच्या जाळ्या गंजतात, आणि थंड प्रदेशात पाच वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे तीन वर्षांत थकते. मॅन्युअल गाडीत बॅटरी बसली तर दोघांनी धक्का मारला, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की गाडी पुष्कळदा चालू होते. एएमटी धक्क्याने चालू होत नाही. एवढेच नव्हे, गिअरमध्ये उभी असताना बॅटरी पूर्ण उतरली तर तिला न्यूट्रलमध्येही आणता येत नाही, मग ती ढकलून तळघराबाहेर काढण्याचाही मार्ग उरत नाही. अर्धवट उतरलेली बॅटरी तर आणखी फसवते : गिअर अडकतो, मीटरवर दिवा लागतो, मालक घाबरून गिअरबॉक्स गेला असे समजतो, आणि अनेकदा बॅटरी बदलली की सगळे सुरळीत होते. म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढण्याआधी, बॅटरी तपासून घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाता कामा नये. तिसरे वर्ष सरत आले असेल तर बिघडण्याची वाट न पाहता ती बदलावी, आणि डिकीत जंपर केबलची एक चांगली जाड जोडी कायम ठेवावी. या दोन गोष्टी केल्या तर दगा देण्याची निम्मी भीती संपते.

दुरुस्तीच्या खर्चाबद्दल मामाजी अंशतः बरोबर आहेत आणि ते मी लपवणार नाही. एएमटीची क्लच प्लेट मॅन्युअलपेक्षा फार महाग नसते. पण ती बसवल्यावर स्कॅनर लावून संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते, आम्ही त्याला लर्निंग म्हणतो. ते न करता गाडी बाहेर काढली तर ती झटके मारते आणि नवी प्लेटही खाते. नागपुरात हे काम करणारे पुष्कळ आहेत. काटोल-नरखेडच्या वाटेवरच्या मिस्त्रीकडे ते साधन असेलच असे नाही. आणि अ‍ॅक्च्युएटर किंवा संगणक गेला तर बिल दहा हजारांच्या पटीत जाते. म्हणून एएमटी घेताना वाढीव वॉरंटी घ्यावीच, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून सहसा वॉरंटीत येत नाही, अ‍ॅक्च्युएटर आणि संगणक मात्र येतात. कागदावर सही करण्याआधी ही दोन नावे त्यात आहेत का हे वाचून घ्यावे.

रस्त्याचे म्हणाल तर नागपूर सपाट शहर आहे. उड्डाणपूल सोडले तर शहरात मोठा चढ असा फारसा नाही, आणि एएमटीला त्रास देणारी मोठी गोष्ट त्यामुळे आपल्याकडे मुळातच कमी आहे. तिचा खरा कस दोन ठिकाणी लागतो. एक म्हणजे काटोलच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओलांडताना. डी मध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर संगणक आधी विचार करतो, मग क्लच सोडतो, खालचा गिअर टाकतो, पुन्हा क्लच धरतो, आणि या सगळ्यात सेकंदभर गाडीला ताकदच मिळत नाही. समोरून वाहन येत असताना तो सेकंद फार मोठा असतो. यावर उपाय असा की ओलांडायचे ठरवताच, आपल्याच बाजूला असताना, लिव्हर एम मध्ये घेऊन एक गिअर खाली टाकावा, गाडीने ताकद धरली आहे हे इंजिनच्या आवाजावरून ओळखावे आणि मगच बाहेर पडावे. तसेच वरचा गिअर पडताना गाडी किंचित अडखळते आणि मान पुढे झुकते, त्याची पुष्कळांना तक्रार असते. गिअर बदलण्याच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका केला तर हे जवळजवळ नाहीसे होते. मॅन्युअलवर हात बसलेल्या माणसाला ती वेळ कानाने कळते, म्हणून मामाजी हे आपल्याआधी शिकतील.

दुसरे ठिकाण चिखलदऱ्याचा घाट. चढताना गाडी भरलेली, एसी चालू आणि इंजिन एक लिटरचे असेल तर संगणक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळत राहतो. वॅगन आरचे एक लिटर इंजिन सुमारे ६७ अश्वशक्तीचे आणि ८९ न्यूटन मीटर टॉर्कचे आहे; शहरात ते भरपूर आहे, घाटात पाच माणसांसह मोजकेच आहे. तिथे एम मध्ये दुसरा गिअर धरून ठेवावा. उतरताना तर हे जास्तच महत्त्वाचे. डी मध्ये ठेवून सगळा भार ब्रेकवर टाकू नये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये, इंजिनच्या रोधावर उतरावे. पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे तापलेले ब्रेकही पाहिले आहेत.

पावसाळ्याबद्दल एकच सूचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या, मॅन्युअलही आणि ऑटोमॅटिकही. बुडालेल्या गाडीला किल्ली लावून पाहण्याचा मोह दोन्ही प्रकारांत घातक आहे, पण ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाबरोबर अ‍ॅक्च्युएटर आणि त्याचे वायरिंगही धोक्यात येते. तळघरात पाणी येत असेल तर अंदाज मिळताच गाडी रस्त्यावर आणून लावावी.

आता मामाजींच्या पायाबद्दल, कारण माझ्या मते आपल्या घरात सगळ्यांत काळजीची बाब ती आहे. पस्तीस-चाळीस वर्षे मॅन्युअल चालवलेल्या माणसाचा डावा पाय विचार न करता चालतो. सिग्नल जवळ आला की तो क्लच शोधतो, सापडत नाही, आणि शेजारचे रुंद ब्रेक पेडल पूर्ण ताकदीने दाबतो. गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागचा येऊन आदळतो. माझ्याकडे मागचा बंपर बदलायला आलेल्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत हा किस्सा मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकला आहे. म्हणून पहिले आठ दिवस मामाजींनी गाडी रहदारीत नेऊ नये. सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर रोज अर्धा तास चालवावी, डावा पाय मागे ओढून सीटजवळ ठेवावा आणि ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने दाबावे. टाच जमिनीवर ब्रेकच्या समोर टेकलेली राहावी आणि पाऊल तेवढे उजवीकडे वळावे, म्हणजे घाबरल्यावर पाय चुकीच्या पेडलवर पडण्याची शक्यता कमी होते. आणखी एक गोष्ट त्यांना मुद्दाम दाखवावी : इंजिन चालू असून डी मध्ये असताना ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते. फाटक उघडायला, भाजी घ्यायला, एक मिनिट खाली उतरायचे असेल तरी आधी इंजिन बंद करावे.

मुलाने मात्र मॅन्युअलवरच शिकावे. आपल्याकडे चारचाकीच्या परवान्यात दुचाकीसारखा गिअरची आणि बिनगिअरची असा भेद व्यवहारात पाहिला जात नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना मिळाला की तो दोन्ही चालवू शकतो. म्हणजे ऑटोमॅटिकवर शिकलेला मुलगा उद्या मित्राची मॅन्युअल गाडी कायद्याने चालवू शकेल, पण हाताने चालवू शकणार नाही, आणि हे अंतर धोक्याचे आहे. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सहसा मॅन्युअलच असते. महिनाभर तिथे शिकून, गाडी बंद न पाडता एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून पुन्हा उचलता येऊ लागली की मग त्याच्या हाती घरची गाडी द्यावी. ज्याने स्वतः हाफ क्लच सांभाळला आहे त्याला एएमटीचा क्लच कधी घासतो आहे हे सांगावे लागत नाही.

मी प्रत्येकाला एएमटी सुचवतो असे नाही. रोजचे धावणे मुख्यतः गावाकडच्या रस्त्यांवर असेल, गाडीत सतत माल किंवा माणसे भरलेली असतील, दुरुस्तीला शहर गाठावे लागत असेल आणि पाय धडधाकट असेल तर मॅन्युअलच घ्यावी. वाचलेल्या पन्नास हजारांत कितीतरी सर्व्हिसिंग होतात. पण मनीषनगरहून अजनी, मेडिकल चौक करत महालात शिरायचे आणि शाळा सुटण्याच्या वेळी त्याच गल्ल्यांतून परतायचे, हा रस्ता मी ओळखतो. या वाटेवर मी एकदा क्लच दाबण्याची गणती करून पाहिली होती. एका फेरीत ती शंभराच्या वर गेली. दुखऱ्या गुडघ्याने दिवसातून दोनदा हे करणे म्हणजे संध्याकाळपर्यंत गाडी चालवण्याची इच्छाच उरू नये असे आहे, आणि दुखणारा पाय ऐन वेळी क्लच अर्धाच दाबतो, तेही सुरक्षित नाही.

राहिली ती चार वर्षांची जुनी गाडी. ती एएमटी असेल तर किमतीवरून ठरवू नका. सकाळी पूर्ण थंड असताना, आपण पोचेपर्यंत ती कुणी चालू केलेली नसताना पाहायला जावे. डी मध्ये टाकून ब्रेक हळूच सोडला की ती थरथर न करता सरकली पाहिजे. तसेच आर मध्येही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलका अडखळा चालेल, धक्का चालणार नाही. मग तिला एखाद्या उभ्या रॅम्पवर न्यावे, मध्येच थांबवावे आणि पुन्हा उचलून पाहावे. इंजिनचा आवाज वाढला आणि त्या मानाने गाडी वर गेली नाही, किंवा वास आला, तर प्लेट संपत आली आहे. शेवटी स्कॅनर लावून क्लचच्या झिजेचा आकडा आणि जुने एरर कोड वाचून घ्यावेत. पंधरा मिनिटांचे काम आहे. विकणाऱ्याने स्कॅनर लावू दिला नाही तर ती गाडी सोडावी. लावू दिला आणि आकडा चांगला निघाला, तर विकणाऱ्याच्या घरचे पार्किंग एकदा डोळ्यांनी पाहून यावे. तळघराचा उभा रॅम्प आणि वर बंद फाटक दिसले, तर किमतीतून एका क्लचचा खर्च आधीच वजा करून बोलणी सुरू करावी.